आयुधपूजेला झोपवलेली फायरवॉल

आयुधपूजेच्या दिवशी मी माझ्या साहेबांचं नाक फोडलं. मला त्याचं आजही काडीचं वाईट वाटत नाही.

आमचं ऑफिस इकडे तमिळ मुलखात, पेरुंगुडीला. ओरगडमच्या एका मोटारींच्या कारखान्यातले रोबो आमच्या क्लाउड प्लॅटफॉर्मला जोडलेले. इथं बसून तिथं हुकूम देता यायचा. मधे आमची फायरवॉल. वहीएवढा लोखंडी डबा, पण दारावरचा पहारेकरी! कोण रे तू, कुठून आलास, असं विचारल्याशिवाय कुणाला आत सोडायचा नाही. आणि त्याच कारखान्यात माझा नवरा वेल्डिंगच्या रोबोंवर कामाला.

इकडे आयुधपूजेला अवजार चालवत नाहीत. ज्याच्यावर पोट भरतं, त्याला चंदन-कुंकू लावून देवीपुढे ठेवायचं, त्या दिवशी त्याला विसावा. साहेब तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आणि भलते देवभोळे. सकाळी जाऊन बघते तर काय, फायरवॉलच पाटावर! झेंडूचा हार घालून, वायरी उपसून. सुट्टीत रोबोंचं सॉफ्टवेअर दुरून बदलायचं होतं, म्हणून कारखान्याची लाइन त्यांनी सरळ इंटरनेटला जोडून ठेवलेली.

"अहो साहेब, दार सताड उघडं टाकलंत की!" मी ओरडले.

"पूजेपुरतंच मा," ते म्हणाले. "आयुधास आज शिवायाचं नाही."

मी स्क्रीनपुढे बसले. कुणीतरी उपरा आत शिरला होता. कुठला रोबो हलतो ते बघत एकेकाला हुकूम देत होता मेला. कारखान्यातही पूजाच होती. सॉफ्टवेअरसाठी वीज चालू ठेवलेली आणि रोबो थांबलेत म्हणून माणसं बिनधास्त रोबोंभोवतीच्या जाळीच्या आत, फडक्यानं पुसत, हातानं कुंकू लावत. नवरा नवा शर्ट घालून त्यासाठीच गेला होता.

फोन लावला. उचलेना. मी लाइनच्या वायरीकडे धावले, तर साहेबांनी मनगट धरलं. आरती चालू होती ना! हिसडा दिला, सुटेना. मग मी कोल्हापूरची आहे हे त्यांना कळलं. ठोसा असा बसला की साहेब ताटावर आडवे, समई उलटली, तेल सांडलं, धोतरावर रक्त. "सोड म्हटलं ना भाड्या!" असं मी देवीसमोर किंचाळले. दोन्ही हातांनी वायरी ओरबाडल्या. वायरींचं अख्खं कपाट अंगावर आलं आणि कोपर फुटलं, पण लाइन तुटली. लाइन तुटली की रोबो जागच्या जागी थांबतात.

नवऱ्याला नेलेल्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचा उजवा हात लालच लाल. "कुंकू आहे गं ते, घाबरू नको," नवराच मला समजावत होता. नर्सनं पाणी ओतलं. कुंकू गेलं. अंगठा आणि पहिलं बोट नव्हतंच. रोबो मधेच थांबला म्हणून उरलेला हात वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

साहेब नाकात कापूस कोंबून दारात उभे होते, हमसून हमसून रडत. मी त्यांना आत येऊ दिलं नाही.

"सुरू कुणी केला गं रोबो?" नवऱ्यानं विचारलं.

"कुणास ठाऊक," मी म्हटलं. "दार सगळ्या जगाला उघडं होतं."