विझलेल्या डोंगराच्या काठावर

सत्तावीस वर्षं आक्का लोकांना विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत नेत होती. वर पोचलं की तळातलं गवत, मधलं काळं तळं, उतारावरची तांबडी भुसभुशीत खडी दाखवायची. "जागा झाला तर?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "आमच्या ह्यांच्यापेक्षा गाढ झोपलाय!"

डोंगराच्या पाठीवर दगडाची खाण होती. तिथे तिचा धाकटा दीर सुरुंग लावायचा. धक्क्यांनी काठाला भेगा पडल्या तेव्हा आक्काने तक्रार केली, अधिकारी आले आणि खाण बंद झाली.

चौथ्या दिवशी ती एका निवृत्त शिक्षिकेला घेऊन काठावर आली, तर दीर पहार घेऊन वाट अडवून उभा.

"वहिनी, माझ्या पोटावर पाय दिलास!" आजवर तो तिला अहोजाहो करायचा.

"भाऊजी, बाईंना खाली सोडते. मग घरी बोलू."

"घर? कुणाचं घर?"

पहार खांद्यावर बसली. आत काहीतरी कटकन मोडलं. मग तोंडावर बुक्की. दोन दात जिभेवर आले. केसांना धरून तो तिला आतल्या उताराच्या कडेला फरफटत नेऊ लागला, तेव्हा आक्काला उमगलं, हा नुसता घाबरवत नाहीये.

तिने मूठभर खडी त्याच्या डोळ्यांत मारली, मनगटाला कडकडून चावली, दगड उचलून गुडघ्यावर घातला. तो कोसळला. तिने पुन्हा घातला. तो किंचाळत उतारावरून घरंगळला आणि मागून सुटलेल्या खडीत छातीपर्यंत गाडला गेला.

"बाई, पळा! माणसं आणा!" असं ओरडून आक्का बसत, घसरत त्याच्यापाशी गेली. एका हाताने खडी उपसू लागली.

"मारून टाक ना!" तो तिच्या तोंडावर थुंकला.

"गप्प पडा, भाऊजी. हललात तर अजून खडी येईल."

माणसं यायला दोन तास लागले. तोवर तिची नखं उलली होती.

पोलिसांना तिने सगळं सांगितलं, पडलेल्या माणसावर घातलेला दुसरा घावसुद्धा. दिराला तीन वर्षांची शिक्षा झाली; पाय कायमचा अधू झाला.

"घरातलं घरात मिटवता आलं असतं," नवरा म्हणाला.

"हो ना. त्या तळातून मला तुम्हीच उचलून आणलं असतंत."

आक्काने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. खांदा सांधायला पाच महिने लागले, आणि सहाव्या महिन्यात ती सात जणांना घेऊन डोंगर चढली.