चंद्रीची खबर

आमचे मामा माझ्याशी कधी सरळ बोललेच नाहीत. रागानं नाही हं! आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या, आणि देवणीकडच्या जुन्या माणसांत सासऱ्यानं सुनेकडे बघून बोलायचं नसतं. त्यामुळे मामा बोलायचे ते भिंतीशी, तुळशीशी, नाहीतर पंख्याशी. "कुणी चहा टाकायलंय का?" हे पंख्याला. "लई ऊन हाय, लोकांनी डोस्क्याला बांधून जावं," हे दाराच्या कडीला. मी नांदेडची, एका वाक्याच्या जागी दहा बोलणारी. लग्न झाल्यावर कितीतरी दिवस मला वाटायचं, ह्या माणसाला मी आवडतच नाही. नवऱ्याला, प्रशांतला, एकदा विचारलं तर तो म्हणतो, "अगं, अण्णा माझ्याशी तरी कुठं बोलतात? बैलाशी बोलतात ते मी ऐकतो."

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माझी आई ऐन वेळी न्हाणीत घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये. मग लातूरलाच करायचं ठरलं, आम्ही राहतो तिथंच. आत्या आणि मामा गावाकडून आले. दवाखान्यात आत्या माझ्याजवळ खोलीत. मामांनी जागा धरली ती दाराबाहेरच्या बाकावर. आत पाऊल म्हणून टाकलं नाही. नातीला त्यांनी पहिल्यांदा बघितलं तेसुद्धा प्रशांतनं बाहेर नेऊन दाखवली तेव्हा. बघून काय म्हणाले? "नाक बरं हाय." हे बाकाला.

सिझर झालं होतं. आणि दूधच येईना! मी इतके व्हिडिओ बघून ठेवले होते, उशी कशी ठेवायची, बाळाचं डोकं कसं धरायचं, सगळं पाठ. प्रत्यक्षात टाके दुखायलेत आणि ठमी (आमची लेक) दोनदा ओढून बघायची आणि चिडून रडायची. डॉक्टरांनी वरचं दूध वाटी-चमच्यानं द्यायला सांगितलं होतं, तेही ती धड घेईना, झोपूनच राहायची. वजन उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत बघू. नाहीतर बाळाला खालच्या मजल्यावर ॲडमिट करावं लागेल." खालचा मजला म्हणजे काचेच्या पेट्या. म्हणजे ठमी तिथं आणि मी इथं.

आणि खोलीत ही गर्दी! सगळ्यांच्या पुढे मुरुडच्या मावशी, आत्यांची बहीण. कॉटच्या कडेला बसून त्यांची टकळी चालू. "आमच्या टायमाला न्हवतं बाई असलं काई. खाल्लंच न्हाई तर दूध येईल कुठनं? नुसतं फोनमधी बघत बसायचं." येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "आलं का?" जसं काही मी बसस्टँडवर बसलेय आणि निलंग्याची गाडी यायची आहे.

तेवढ्यात दाराबाहेरून मामांचा आवाज आला. फोनवर बोलत होते, पण इतक्या मोठ्यानं की त्या माणसाला फोनची गरजच नव्हती.

"आरं हाव, चंद्रीचंच सांगायलोय! गाय पान्हा चोरायली म्हन्तोस, मग तिचा काय दोष? गोठ्यात जत्रा भरवलीय तुम्ही. नवं मानूस दिसलं की गाय दूध वर वढून घेती. आधी समद्याला भाईर काढ. आन् ती मुरुडहून आलेली म्हैस लई वरडती म्हनं, तिला तर आधी काढ!"

मावशींनी दाराकडे बघितलं. आत्यांनी मावशींकडे बघितलं. मग आत्या पदर सावरत उठल्या. "चल बाई, खाली चहा चांगला मिळतो म्हनं." खोली रिकामी झाली आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई! चंद्री म्हणजे मी!

तिथून पुढे चंद्रीच्या खबरी सुरू झाल्या. बाहेर मामा गड्याला फोन लावायचे आणि आत माझी सोय व्हायची. "चंद्रीला पानी दावलं का?" की आत्या पाण्याचा तांब्या घेऊन हजर. "तिला जवारीच्या कन्या शिजवून घाल." की डब्यात गरम कण्या, वर तूप. मला तर धास्तीच बसली, आता गुरांची सरकीपेंड म्हणाले तर काय करायचं! मावशींनी परत येऊन, पहिलं पिवळं दूध पाजायचं नसतं, काढून टाकायचं असतं, असं सुरू केलं, तर बाहेरून लगेच, "चीक फेकला कुनी? वासराचा हाय तो!" शबाना सिस्टर तेव्हा आतच होत्या. त्यांनी मान हलवली. "काका बरोबर बोलायलेत. थेंबभर आलं तरी पाजायचं." आणि मग माझ्याकडे वळून डोळा मारला. "ताई, तुमची गाय लई लाडाची दिसतीय."

सगळंच काही बरोबर नव्हतं हं मामांचं. "पाठीवर थाप मारून हुश्श म्हन, मंग गाय मोकळी हुती," असं ते म्हणाले आणि आत्यांनी खरंच माझ्या पाठीवर थाप मारली. "हुश्श!" टाक्यातून कळ गेली माझ्या. पण शबाना सिस्टर ठमीला परत परत लावून बघायच्या, तिचं तोंड मोठं उघडलं की पटकन जवळ घ्यायला शिकवायच्या, आणि मामा बाहेर राखणीला. दोघांनी मिळून मला धरून ठेवलं होतं.

तरी दुपार झाली आणि दूध नाहीच. माझा धीर सुटला. प्रशांत ठमीला घेऊन बसला होता, त्याला मी म्हणाले, "गाय तरी बरी रे. तिला कुणी टोमणे मारत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे." आणि रडायला लागले. मोठ्यानं.

बाहेरून फोनवरचा तो आवाज आला, पण ह्या वेळी हळू.

"आरं, चंद्रीला कोन काय बोललं रं? बोललं आसंल तर माझ्याशी गाठ हाय म्हनावं. दूध आलं तर बी चंद्री आमचीच, न्हाई आलं तर बी आमचीच. दुधाचा डबा बाजारात मिळतो, त्याची फिकर न्हाई. चंद्री कुठल्या बाजारात मिळती का? वासरू जगलं पायजे आन्..."

आणि तेवढ्यात त्यांच्या कानाला लावलेला फोन वाजला! खणखणीत! कर्रर्र करून!

प्रशांत आतून म्हणाला, "अण्णा, फोन वाजायलाय."

बाहेरून मामा, "हाव, ह्यो... ह्यो दुसरीकडून आलाय."

मला हसू फुटलं ते आवरेचना! टाक्यांवर उशी दाबून धरली, डोळ्यांत पाणी तसंच, आणि मी हसतेय, हसतेय. म्हणजे एवढा वेळ हा माणूस कुणाला फोन न लावताच बोलत होता! शबाना सिस्टर धावत आल्या, काय झालं म्हणून, आणि माझ्या गाऊनकडे बघून ओरडल्या, "अगं ताई, खाली बघ!" गाऊन ओला. दोन्हीकडून! त्यांनी ठमीला उचलून लावलं आणि पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला. गट्. मग जरा थांबून, गट्. गट्. एवढुश्या गळ्यातून एवढा आवाज! त्यानंतर मी कितीतरी गोड आवाज ऐकलेत, पण त्याची सर कशालाच नाही.

"आलं, आलं!" सिस्टरांनी सगळ्या मजल्याला सांगितलं.

बाहेर मामांनी परत फोन कानाला लावला. "आरं, ऐकलं का? चंद्री मोकळी झाली." प्रशांत नंतर घरात सगळ्यांना सांगत होता, फोन उलटा धरला होता अण्णांनी.

ठमीला खालच्या मजल्यावर जावं लागलं नाही. सव्वा महिन्यानं आम्ही देवणीला गेलो. फोन खोटा होता हे मला कळलं होतं, पण गाय खरी आहे असंच मी धरून चालले होते. ठमीला कुशीत घेऊन सरळ गोठ्यात गेले. तिथं तीन-चार गाई, पांढऱ्या, काळ्या ठिपक्यांच्या, लांब कानांच्या. मी आत्यांना विचारलं, "ह्यातली चंद्री कुठली?"

आत्या शेणाचा हात तसाच धरून बघत राहिल्या. "चंद्री? आगं, चंद्रीला जाऊन जमाना झाला. ह्या साली आमची एकबी गाय व्याली न्हाई."

मग त्या दावणीच्या दगडावर बसल्या आणि सांगितलं. प्रशांत झाला तेव्हा दारात चंद्री नावाची गाय होती. आत्यांना दूध येईना. सासू, जावा, येणाऱ्या-जाणाऱ्या बायका, सगळ्या तोंड सोडायच्या. आणि मामा? "गोठ्यात चंद्रीच्या पाठीवर हात फिरवत बसायचे. समदं कळत हुतं त्यान्ला. पन थोरल्या मान्सांपुढं बायकोची बाजू घिऊन बोलायची सोय हुती का तवा? प्रशांत वाढला त्यो चंद्रीच्याच दुधावर." पदरानं तोंड पुसलं आणि हसल्या. "तवा मला पान्हा फुटला न्हाई आन् ह्यांना तोंड. एवढ्या वर्सांनी फुटलं बग, ते बी गाईच्या नावानं!"

पलीकडून गव्हाणीत कडबा टाकता टाकता मामा एका गाईला म्हणाले, "लोकांना कामं न्हाईत वाटतं आज."

पुढे काही वर्षांनी मामा वारले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि गेले. माझ्याशी सरळ एक वाक्य बोलल्याशिवायच गेले, आणि तरी माझ्याशी एवढं कुणीच बोललेलं नाही.

मागच्या महिन्यात माझ्या नणंदेला, पल्लवीला, मुलगा झाला. लातूरलाच. तिचंही तेच, बाळ चिडायलंय, दूध येईना, ती भिंतीकडे तोंड करून मुसमुसत पडलेली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आत्या कण्या कालवत होत्या. दार लोटलेलं. बाहेरच्या बाकावर प्रशांत. आणि एकाएकी त्याचा आवाज आला, घसा खाकरून, जरा लाजत, पण मोठ्यानं.

"हॅलो! हाव, बोलायलोय. चंद्रीची काय खबर?"

आत्यांचा हात कण्यांच्या वाटीतच थांबला. पल्लवीनं मान वळवली, नाक ओढलं आणि दाराकडे बघून ओरडली,

"दादा, आधी फोन सुलटा धर!"