ऐंशी पावलं पूर्वेला

पाणीपुरवठा कार्यालयात तिला सगळे पट्टीबाई म्हणत. तोंडावर ‘मॅडम’, पाठ वळली की पट्टीबाई. सव्वीस वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढले जात. तिच्या स्टीलच्या पट्टीला कुणी विचारल्याशिवाय हात लावला, तर ती त्या माणसाशी आठवडाभर बोलत नसे. स्वभाव तसाच होता. नाकावर राग, जिभेला धार. पण शहराच्या पोटात कुठला नळ कुठून गेलाय, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढे संगणक आले. कार्यालयाने नकाशांचं ते फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं, जगभरातले लोक मिळून जे बनवतात ते. तरुण मंडळींनी हिला शिकवायला टाळाटाळ केली. हिनेही पुन्हा विचारलं नाही. घरी धाकट्या बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर बसून ती एकटीने शिकली, आणि वर पायथनही शिकली. रोजची तीच ती कामं संगणकाने आपली आपण करावीत म्हणून त्याला ओळीओळीने आज्ञा लिहून द्यायच्या, त्याला स्क्रिप्ट म्हणतात, एवढं कळल्यावर तिला ते भरतकामासारखं वाटलं. एक टाका चुकला की उसवायचं, परत घालायचा.

तिच्या स्क्रिप्ट सात वर्षं बिनबोभाट चालल्या. मग सल्लागार आला.

सल्लागार तिशीतला, कडक इस्त्रीचा. पहिल्याच दिवशी तो तिच्या टेबलाशी वाकून म्हणाला, “मावशी, हे सगळं आता आपण नव्याने करू. तुमचं जरा जुनं झालंय.”

“मी तुमची मावशी नाही,” ती म्हणाली. “तुमची आई मला ओळखतही नाही.”

अख्खा विभाग हसला. सल्लागारही हसला, पण त्याने ते लक्षात ठेवलं.

महिन्याभरात नवा संगणक आला, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि सल्लागाराची स्वतःची स्क्रिप्ट आली. हिच्या स्क्रिप्टला चाळीस मिनिटं लागत, त्याच्या स्क्रिप्टला चार. साहेब खूश. हिचा संगणक उचलून कोपऱ्यात ठेवला गेला आणि हिच्याकडे फक्त प्रिंट काढायचं काम उरलं. नकाशे छापायचे, घड्या घालायच्या, खोदाईच्या टोळीला द्यायचे. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण ब्र काढायची सोय नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात पहिला खड्डा फुकट गेला. जमिनीखाली गाडलेली चावी, म्हणजे नळाचं पाणी सोडायचा-बंद करायचा वॉल्व्ह, नकाशात होती तिथे नव्हती. पुढच्या चार दिवसांत आणखी दोन खड्डे. खाली नुसती माती. रस्ता उखडलेला, दुकानदार शिव्या देतायत, आणि चावीचा पत्ता नाही.

साहेबांनी बैठक बोलावली. सल्लागाराने शांतपणे सांगितलं, “स्क्रिप्टमध्ये काही चूक नाही. एकदाही एरर आलेली नाही. मूळ नकाशेच चुकीचे आहेत. हाताने मारलेल्या रेघांवर कसला भरवसा?”

“त्या रेघांवर हे शहर सव्वीस वर्षं पाणी प्यालंय,” ती म्हणाली.

“म्हणजे नशिबाने प्यालंय,” सल्लागार म्हणाला.

खापर तिच्यावर फुटलं. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली, सात दिवसांत खुलासा करा म्हणून. तिने ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि डबा न खाता बसून राहिली.

त्याच दुपारी चावीवाला वर आला. रोज गल्लोगल्ली फिरून टीच्या आकाराची लोखंडी दांडी चावीत घालून पाणी सोडणारा माणूस, पंचावन्नचा, काटक. तिन्ही खड्डे त्याच्याच भागातले. तो दारातूनच कडाडला.

“बाई, काय नकाशे छापता तुम्ही? तीन खड्डे खणायला लावले मला! चावी मागे आहे म्हणून मी बोंबलतोय, तर तो शहाणा म्हणतो नकाशात नाही. अहो, ऐंशी पावलं मागे! तिन्ही वेळा ऐंशी पावलं! मी मोजलीत.”

“मागे म्हणजे कुठल्या बाजूला?”

“मावळतीच्या! आणि वर मलाच म्हणतो, हुज्जत घालतोस. उद्यापासून माझी दुसऱ्या भागात बदली केलीय, चर खणायला. मातीकामाला! तुमच्या भानगडीत माझा बळी.”

तो पाय आपटत गेला. ती मात्र जागची हलली नाही. नकाशा हाताने चुकला असता तर एक चावी इकडे गेली असती, एक तिकडे. तिन्ही एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकतात, म्हणजे हात चुकलेला नाही. मधे कुणीतरी सगळा कागदच ढकललाय.

सल्लागार जेवायला गेला होता. स्क्रिप्ट सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये होती, तिने कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या संगणकावर उतरवून घेतली. अकराशे ओळी. तिने एक ओळखीची जागा धरली, कार्यालयाच्या फाटकाजवळची चावी. तिचं माप तिने स्वतः उन्हात उभं राहून घेतलं होतं. मग प्रत्येक टप्प्यावर आकडा छापायची एकेक ओळ स्क्रिप्टमध्ये घालत ती पुढे सरकली. इथवर बरोबर. इथवर बरोबर. अडीचशेव्या ओळीपर्यंत बरोबर. आणि मग गंमत झाली: हिच्या जुन्या संगणकावर शेवटपर्यंत आकडा बरोबरच आला. फाटकाची चावी फाटकातच.

तीच स्क्रिप्ट नव्या संगणकावर चालवली. चावी ऐंशी पावलं पूर्वेला, समोरच्या चहावाल्याच्या टपरीखाली.

म्हणजे ओळी त्याच, संगणक वेगळा. तिने स्क्रिप्ट पुन्हा वरून वाचायला घेतली, आणि सुरुवातीलाच तिला त्या दोन ओळी दिसल्या. घाईत वाचताना तिने त्या ओलांडल्या होत्या. एकीत लिहिलं होतं, कुठलाही इशारा आला तरी दाखवू नकोस. दुसरीत, काही बिनसलं तर गप्प बसून पुढे जा. एकदाही एरर आलेली नाही म्हणे! येईल कशी? त्याने सॉफ्टवेअरच्या तोंडात बोळा कोंबला होता.

तिने त्या दोन ओळी काढल्या आणि स्क्रिप्ट परत चालवली. पडद्यावर पिवळी पट्टी आली. जुने नकाशे पृथ्वीचं एक माप धरून काढलेले, नवे दुसरं माप धरून. एकातून दुसऱ्यात जायला एक छोटी रूपांतराची फाइल लागते. जुन्या संगणकावर तिने ती कधीच घालून ठेवली होती. नव्यावर ती नव्हती. सॉफ्टवेअर बिचारं दर वेळी सांगत होतं की फाइल सापडली नाही, अंदाजाने रूपांतर करतोय. ऐकायला कुणी नव्हतं.

गुरुवार होता. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

साहेब खोलीत होते. सल्लागार जेवून परतला होता, खुर्चीत रेलून फोनवर हसत होता. तिने उठून दोन दारं ओलांडली असती की काम झालं असतं. ती उठलीही. ती दारापाशी जात असताना सल्लागाराने फोनवर हात ठेवून विचारलं, “काय मावशी, खुलासा लिहिताय का? शुद्धलेखन तपासून देऊ?”

ती परत येऊन बसली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने बहिणीला सगळं सांगितलं. बहीण शाळेत गणित शिकवायची, दोघी त्याच दोन खोल्यांत राहायच्या. ती कणीक मळता मळता थांबली. “मग सांगितलंस साहेबांना?”

“नाही. उद्या नव्या नळासाठी चर खणायचाय, टाकीच्या उताराला. साहेब स्वतः जाणार आहेत बघायला. नळ जिथे जोडायचा ती चावी मिळणार नाही. उद्या तोही तोंडावर पडू दे. सगळ्यांसमोर. मग दाखवते त्या दोन ओळी.”

“ताई, सकाळी उठल्या उठल्या सांगून टाक.”

“एक दिवस जळू दे त्याला. मी दोन महिने जळतेय.”

“खड्डा खणणारा तो नाही गं,” बहीण म्हणाली. ही उठली. ताटं वाढली, जेवली, भांडी घासली.

एक गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. आली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. आधीचे तीन खड्डे चावी शोधायला खणले होते, म्हणून खाली माती निघाली. शुक्रवारचा चर मोकळ्या जमिनीत होता, नकाशात मोकळ्या दिसणाऱ्या जमिनीत. चावी जशी सरकली होती तसा नळही सरकला होता. टाकीतून उतरणारा मोठा नळ नकाशात ऐंशी पावलं पूर्वेला दिसत होता, आणि खरा नळ बरोबर चराच्या खाली होता.

शुक्रवारी साडेनऊला ती कार्यालयात पोहोचली तेव्हा शिपाई जिन्यातच म्हणाला, “मोठा नळ फोडला यंत्राने. चर ढासळला. एक माणूस सापडला खाली.”

“कोण?”

“तो आपला चावीवाला. कालच बदली झालेली ना.”

पाण्याने त्याला उताराला फेकलं, म्हणून तो जिवंत राहिला. पण डावा पाय मांडीपासून दोन ठिकाणी मोडला. अर्ध्या शहराचं पाणी दोन दिवस गेलं.

बुधवारी चौकशी बसली. सल्लागाराने जाड अहवाल आणला होता, त्यात जुन्या नकाशांचा उल्लेख सतरा वेळा. तिने पडद्यावर दोन्ही ओळी दाखवल्या, पिवळी पट्टी दाखवली, फाइल घातली, आणि सगळ्यांसमोर टपरीखालची चावी उठून फाटकात आली. सल्लागाराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. साहेब म्हणाले, “बास. एवढं पुरे आहे. नोटीस रद्द.”

इथे ती गप्प बसली असती तर जिंकली असती. चारीमुंड्या चीत झाला होता तो.

“एक राहिलं,” ती म्हणाली. “मला हे गुरुवारी तीन वाजता कळलं होतं.”

साहेबांनी लेखनिकाकडे पाहिलं. “हे लिहू नका.”

“लिहा,” ती म्हणाली. “त्या संगणकात वेळ नोंदलेली आहे. मी मुद्दाम सांगितलं नाही.”

लेखनिकाने लिहून घेतलं. मग सल्लागार हळूच म्हणाला, “म्हणजे बघा. मला माहीत नव्हतं. यांना माहीत होतं.”

सल्लागाराचं कंत्राट संपवलं. तिची बदली तक्रार खिडकीवर झाली. ज्यांनी तिला शिकवायला टाळाटाळ केली होती त्या तरुण मंडळींनी आता उघड तोंड फिरवलं.

ती हॉस्पिटलात गेली तेव्हा चावीवाल्याची बायको उशाशी बसली होती. तिला सगळं कळलेलं होतं. तिने स्टूल पुढे केलं नाही. चावीवाला छताकडे बघत पडला होता, पाय वजनाला टांगलेला.

“किती वाजता कळलं म्हणालात?” त्याने विचारलं.

“तीन वाजून दहा.”

“मी पाचपर्यंत खालीच होतो. हजेरीच्या टेबलापाशी. बदलीचा कागद घ्यायला थांबलो होतो.” “हाक मारली असती तरी ऐकू आली असती.”

“चुकलं माझं.”

“हो, चुकलं,” तो म्हणाला. “जा आता.”

बायकोने उठून दार उघडून धरलं.

सहा महिन्यांनी तिला नकाशा विभागात परत बोलावलं, कारण स्क्रिप्ट अडल्या की कुणालाच सोडवता येईनात. प्रेमाने बोलावलं नव्हतं, अडलं म्हणून बोलावलं. तिनेही एक अट घातली: यंत्र लागायच्या आधी प्रत्येक जागेवर मी स्वतः येणार. तेव्हापासून ती लॅपटॉप आणि टेप घेऊन उन्हात उभी राहते, मापं घेते, आणि तोवर यंत्र बंद ठेवायला लावते. टोळीतल्या लोकांचा तास फुकट जातो. ते तिच्या देखत पचकन थुंकतात, “आली बघ,” म्हणतात, मुद्दाम ऐकू जाईल असं.

चावीवाला लंगडत कामावर आलाय. त्याला सामानाच्या कोठीत बसवलंय. ती टेप घ्यायला रोज तिथे जाते. तो रजिस्टर तिच्याकडे सरकवतो, ती सही करते. अजून तरी त्यांच्यात एक शब्द झालेला नाही.