तळाची मूठ

पुंडलिकभाऊ गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं दिली. मी केनवडला बहिणीकडे गेलो होतो. परतीची गाडी रिसोडला उभी असताना समोरून आलेल्या गाडीचा कंडक्टर आमच्या गाडीत डोकावला आणि ओरडला, "वाचनालयाचे मास्तर हायेत का इथं?" मी हात वर केला. "तुमच्या गावचे सायकलवाले पुंडलिकभाऊ वारले. सकाळीच. मास्तर भेटले तं सांगजा म्हने." एवढं बोलून तो उतरलाही. मी गावात पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. दुकानापुढे कुणाचीतरी सायकल उलटी करून ठेवलेली होती, पुढचं चाक काढलेलं... ती तशीच होती. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसतो आणि दर वेळी एकाच दुपारपाशी येऊन अडतो. ती दुपार मला तेव्हा नीट कळली नव्हती आणि आता तर अजिबातच कळत नाही.

आमची ओळख वर्तमानपत्रामुळे झाली. मी वाचनालय सांभाळतो, म्हणून लोक मला मास्तर म्हणतात. शाळेत मी कधी शिकवलेलं नाही. पुंडलिकभाऊ दुकान बंद करून, हात रॉकेलनं धुऊन, रोज सहाच्या सुमाराला येत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पहिल्या पानापासून टेंडरच्या नोटिसांपर्यंत सगळं वाचत. या नोटिसा कुणी वाचतं, हे मी त्यांच्यामुळेच पाहिलं. एकदा नोटिशीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मास्तर, हे पैसे कोनाचे?" मी म्हणालो, नगरपालिकेचे. "आन नगरपालिका कोनाची?" मी हसलो. ते हसले नाहीत.

पुढे ते आमच्या वॉर्डातून निवडून आले. वॉर्ड तसा विचित्र. अर्ध्यात आमची पेठेची गल्ली, अर्ध्यात नाल्याकडची त्यांची बौद्धवस्ती. दुष्काळ सरून एक पावसाळा झाला होता. बजेटच्या बैठकीत ते उठून म्हणाले की, यंदा वॉर्डाच्या वाट्याला जे येईल ते कशावर लावायचं हे वॉर्डातल्या माणसांनाच विचारू. अध्यक्ष म्हणाले, "लोकायलेच इचाराचं तं आमी कायले निवडून आलो?" पुंडलिकभाऊ म्हणाले, "तेच तं इचारून राह्यलो, साहेब." सभागृह हसलं, आणि हसण्याच्या भरात परवानगी मिळाली. बाहेर पडताना एका सदस्यानं त्यांच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, "घे लेका सभा. पन एक जरी भानगड झाली ना, तं पुन्हा नाव काढाचं नाई." हे मला त्यांनीच त्या संध्याकाळी सांगितलं. भानगड हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, हे मला आठवतं.

दोन मागण्या होत्या. वस्तीला सार्वजनिक नळ हवा होता. तिथल्या बाया नाल्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणत, आणि उन्हाळ्यात ती विहीरही तळाला जाई. दुसरी मागणी वाचनालयाला खोलीची. आम्ही तेव्हा भाड्याच्या गोठ्यात होतो. वाळवीनं एक अख्खं कपाट संपवलं होतं. हा अर्ज मी लिहिला होता. पुंडलिकभाऊंनी तो वाचला, एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाले, "द्या. दोन्ही ठेवू लोकायपुढं."

धान्यबाजाराच्या शेडमध्ये, बाजार नसलेल्या दिवशी, सभा भरली. हात वर करून मत घ्यावं असं मी सुचवलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "ज्याच्या वावरात उद्या निंदाले जायाचं, त्याच्यापुढं आज हात कसा वर करनार, मास्तर?" म्हणून दोन मडकी आणली. एकावर चुन्याचा पट्टा, ते नळाचं; दुसऱ्यावर गेरूचा, ते वाचनालयाचं. तोंडावर फडकी. प्रत्येकाला एक चिंचोका. बंद मूठ दोन्ही मडक्यांत घालायची आणि चिंचोका कुठल्यातरी एकात सोडायचा. येणाऱ्याचं नाव मी वहीत लिहून घेत होतो. एका म्हातारीनं विचारलं, "दोनीत अर्धा अर्धा टाकू का रे, बापा?" शेडभर हशा झाला. पुंडलिकभाऊंची बायको कौतिकाबाई आपला चिंचोका घेताना मला म्हणाली, "मास्तर, तुमाले तहान लागत नाई का कधी?" मी खाली बघून तिचं नाव लिहिलं. माझा स्वतःचा चिंचोका मी गेरूच्या मडक्यात टाकला. लपवून काय करू.

मोजायला गणपत मापारी होता. बाजारात धान्य मोजणारा, दोन्हीकडच्यांच्या विश्वासाचा. त्यानं चादरीवर बसून बाजारातल्यासारखंच मोजायला सुरुवात केली. पहिल्याला एक न म्हणता लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन... आणि मोजलेले चिंचोके मागे सारायचे. मी वहीत रेघा ओढत होतो. नळाचं मडकं झालं, वाचनालयाचं झालं, त्यानं दोन्हींची तोंडं सुतळीनं बांधली. वाचनालय सात चिंचोक्यांनी जिंकलं. पेठेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. कौतिकाबाई तेव्हाच उठून गेली.

रेघा आणि नावं मी तिथेच ताडून पाहिली. नावं जास्त होती, बरीच जास्त. आणि मग माझ्या लक्षात आलं. रास मोजताना मापारी तळाची मूठ मोजत नाही. मालकाच्या घरी बरकत राहावी म्हणून ती तशीच राखतो. गणपतनं दोन्ही मडक्यांच्या तळाशी एकेक मूठ राखली होती; सातांचा फरक त्या मुठींत उलटूही शकला असता. हे सगळ्यांच्या देखत झालं आणि कुणालाच वावगं वाटलं नाही, कारण त्या शेडमध्ये जन्मभर सगळ्यांनी तसंच मोजताना पाहिलं होतं. मी मान वर केली. पुंडलिकभाऊ माझ्याकडेच पाहत होते. मी म्हणालो, "काही लोकांनी टाकले नसतील..." खरं तर त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. ते थोडा वेळ थांबले, मग मोठ्यानं म्हणाले, "मोजलं तं मोजलं. सभा संपली." आणि दोन्ही मडकी काखेत मारून घरी घेऊन गेले.

तशी सभा पुन्हा झाली नाही. पुढच्या वर्षी पालिकेवर प्रशासक आला आणि विषयच मिटला. नळ आला तीन उन्हाळ्यांनंतर. वाचनालयाची खोली मात्र त्याच वर्षी झाली, आणि पुंडलिकभाऊ तिथे रोज सहाला येत राहिले, खिडकीजवळ बसत राहिले. त्या खिडकीतून नाल्याकडची वाट दिसते. तीन उन्हाळे त्या वाटेनं डोक्यावर पाण्याचे गुंड घेतलेल्या बाया जात होत्या, त्यांत कौतिकाबाईही असे. ते एकदा वर बघत आणि पान उलटत. आम्ही पिकांवर, पुस्तकांवर, प्रशासकावर बोललो. मडक्यांवर कधीच नाही. त्यांना ठाऊक होतं का? ठाऊक असून भानगड नको म्हणून, सभेचं नाव राहावं म्हणून गप्प राहिले का? की माझ्यासाठी? की ते माझीच वाट पाहत होते, मी बोलेन म्हणून...

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर कौतिकाबाईनं मला मागच्या खोलीत बोलावलं. फळीवरून दोन्ही मडकी काढून पुढ्यात ठेवली. "हे तुमचे म्हने. मी गेल्यावर मास्तरले देजो, असं सांगतलं व्हतं त्यायनं."

"आणखी काही म्हणाले?"

"नाई. मीच इचारलं एकडाव, मोजून काहून नाई पाहत? तं म्हने, मोजून कोनावर रागवू?" तिनं मानेवर हात ठेवला. "माह्या मानेले इचारा म्हना, कोनावर रागवाचं ते."

मी मडकी जवळ ओढली. मडक्यांवर गणपतची सुतळी नव्हती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तोंडं आवळलेली होती. रबर वर्षा-दोन वर्षांत चिरतं. हे, इतक्या वर्षांनीही, अजून मऊ होतं. म्हणजे त्यांनी ती उघडली होती, बहुधा एकदाच नव्हे.

परवा दुपारी वाचनालय बंद करून मी ती टेबलावर घेतली. चुन्याचं मडकं आधी उघडलं. रिकामं होतं. आत हात फिरवून पाहिला, काही नव्हतं. सगळे चिंचोके गेरूच्या मडक्यात होते, दोन्ही मुठी एकत्र. मी ते मोजले आणि जुनी वही काढून बेरीज ताडली. एकही कमी नव्हता. त्या दिवशी प्रत्येक माणसानं आपला चिंचोका टाकला होता. कुणाचा कुठे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला कळू नये म्हणून त्यांनी ते मिसळले, की स्वतःला पुन्हा मोजता येऊ नये म्हणून, हेही मला सांगता येत नाही. आणि मिसळायचेच होते, तर वाचनालयाच्या मडक्यात का? रिकाम्या मडक्यालाही नवं रबर का?

मडकी आता खिडकीच्या कट्ट्यावर आहेत. सहा वाजले की मी त्या खुर्चीसमोर वर्तमानपत्र ठेवतो, टेंडरचं पान वर येईल असं घडी घालून. काल कौतिकाबाई खिडकीशी थांबली. रिकामं मडकं तिनं उचलून पाहिलं आणि विचारलं, "याच्यात पानी ठेवता का, मास्तर? येनाऱ्या-जानाऱ्याले."

मी ते तिच्यासमोरच धुतलं. चुन्याचा पट्टा तेवढा जाऊ दिला नाही.