डब्यातली चिठ्ठी बदलून मिळत नाही

दहा-बारा माणसं दर गुरुवारी एका खोलीत प्रार्थनेला बसली की वर्षभरात प्रार्थना किती साठतात ते देव जाणे, पण किस्से मात्र पोतंभर साठतात! आमचे तर वीस वर्षांचे आहेत. सून म्हणते, "आई, एकदा लिहून काढा, म्हणजे आमची सुटका होईल." घ्या, लिहिते.

मी सुमन. रिटायर्ड स्टाफ नर्स. "हिची सुई सुटली, पण टोचायची सवय सुटली नाही," असं आमचे हे म्हणतात. म्हणू द्या.

मुकुंदवाडीत शांतामावशींच्या पुढच्या खोलीत आमची घरसभा भरते. गाणी, बायबलमधलं वचन, आपल्या अनुभवाच्या साक्षी, प्रार्थना आणि शेवटी चहा. शांतामावशी म्हणजे रिटायर्ड मेट्रन. वय शहात्तर, आवाज अजून वॉर्डातलाच. एका गुरुवारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब देवाच्या प्रीतीवर फार सुंदर बोलले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींनी चष्मा काढला आणि विचारलं, "देव आपल्यावर प्रीती करतो, हे वीस वर्षं ऐकतोय. आता या आठवड्यात त्याचं ऐकून कोणी काय केलं, तेवढं सांगा."

जो तो बायबलची पानं चाळायला लागला! शेवटी माझी शेजारीण विमल म्हणाली, "मी रविवारी उपासनेला आले की."

"ती नवी साडी दाखवायला आलीस," मावशी म्हणाल्या. "औषधाचं नाव पाठ करून ताप उतरतो का? गिळायला लागतं!"

पुढच्या गुरुवारी टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आला. प्रत्येकानं कागदाच्या चिठ्ठीवर आज्ञापालनाचं एकेक काम लिहायचं आणि आत टाकायचं. दर गुरुवारी प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची, आठवड्यात ते काम करायचं आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर त्याची साक्ष देऊन चिठ्ठी परत डब्यात टाकायची. नियम दोनच. साक्षीपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही. आणि चिठ्ठी बदलून मिळणार नाही.

*

पहिला मान विमलचा. तिला आलं, "कुणाचं तरी एक काम गुपचूप करून टाक."

आमच्याकडं नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. त्या दिवशी मावशी भाचीकडं गेलेल्या. विमलनं दोघींच्या मधल्या भिंतीवरून आपला पाइप टाकला आणि मावशींचा अंगणातला मोठा ड्रम काठोकाठ भरून दिला. काम फत्ते! फक्त एक झालं. मावशींनी ड्रम घासायला म्हणून त्यात अर्धी बाटली फिनेल ओतून ठेवलं होतं.

आठवडाभराचं पाणी गेलं. त्या आठवड्यात मावशींची फरशी मात्र अशी चमकली की पाय ठेवायची भीती वाटावी. गुरुवारी मावशींनी प्रार्थना केली, "प्रभू, ज्या कुण्या येड्यानं हे केलं, त्याला क्षमा कर."

"आमेन! आमेन! आमेन!" विमल एकटीच ओरडली.

*

पाळकसाहेब आमचे तरुण, मनानं लई चांगले. पण ते प्रार्थनेला उभे राहिले की चहा दोनदा गरम करावा लागतो. त्यांना चिठ्ठी आली, "प्रार्थना दोन मिनिटांत संपव."

साहेब हसले. खेळीमेळीनं घेतलं. पुढच्या गुरुवारी हात घातला, पुन्हा तीच! तिसऱ्या गुरुवारीही तीच! तेव्हा मात्र त्यांनी अख्खा डबा टेबलावर उपडा केला. तीच ओळ लिहिलेल्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या, प्रत्येकीचं अक्षर वेगळं.

त्यातलं एक अक्षर त्यांच्या मिसेसचं होतं!

*

आता माझी गंमत. मला आलं, "ज्याचा राग येतो त्याला जेवायला बोलाव."

राग म्हटल्यावर मला फार शोधावं लागलं नाही. विमल! गाणं सुरू झालं की ही एक ओळ पुढं. शिवाय माझी कढई नेली ती नेलीच. पण चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. मटण आणलं, वाटण घातलं, भाकरी थापल्या. विमल आली, पोटभर जेवली. मी आतून फुगलेले की काय आपली प्रीती, काय आपलं आज्ञापालन!

हात धुताना मी म्हटलं, "विमल, मागच्या महिन्यात तू मला पुरणपोळीला बोलावलंस ना, तेव्हापासून माझ्या मनात होतं गं."

"अगं, ती व्हय!" विमल पदराला हात पुसत म्हणाली. "त्या गुरुवारी तू साक्षीला नव्हतीस. तेव्हा मला हीच चिठ्ठी आली होती!"

*

आता भालेराव काकांचं सांगते. ते सांगितल्याशिवाय आमची घरसभा कळायची नाही.

काका यष्टीचे ड्रायव्हर. रिटायर झाले तरी आवाज इंजिनाच्या वरचा. सकाळी दूधवाल्याला दम, मग गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्यांना, मग पाण्याच्या टँकरवाल्याला. पण शब्दाचे पक्के. आणि तिथंच घोळ झाला. थोरला प्रकाश वाळूजला कंपनीत. काकांनी त्याच्या लग्नाचा शब्द चर्चच्या मंडळीतल्या एका घराला देऊन टाकला, पोराला न विचारता. साखरपुड्याच्या दिवशी सगळी मंडळी जमली आणि प्रकाश आलाच नाही. पुढच्या महिन्यात त्यानं कंपनीतल्याच एका मुलीशी लग्न केलं.

"भर मंडळीत माझं नाक कापलं. तो माझा कुणी नाय," काकांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. याला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. दर नाताळाला प्रकाश केक घेऊन फाटकाशी यायचा. काका आतूनच असे गरजायचे की पोरगं केक भिंतीवर ठेवून परत फिरायचं. घरसभेत काकू दर गुरुवारी त्याच्यासाठी प्रार्थना मागायच्या. बाकी प्रत्येक प्रार्थनेला काकांचं "आमेन" रस्त्यापर्यंत जायचं. या एका प्रार्थनेला काका छताकडं बघत बसायचे.

खरं सांगते, मला त्या वेळी काकांचा इतका राग यायचा, आणि काकूंकडं बघवायचं नाही.

तर त्या काकूंना एकदा चिठ्ठी आली, "आठवडाभर खोटं बोलू नको."

काकूंचा चेहराच उतरला. कारण मला माहीत होतं. महिन्यातून एकदा काकू "ब्लाउजपीस आणायला गुलमंडीला जाते" म्हणून निघायच्या. तिथं एका कापडाच्या दुकानात प्रकाश, त्याची बायको आणि चार वर्षांची नात भेटायची. पुरावा म्हणून येताना एक ब्लाउजपीस. घरात न शिवलेल्या ब्लाउजपिसांचा गठ्ठा पडला होता!

शनिवारी काकू पिशवी घेऊन निघाल्या. काकांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "कुठं?"

काकूंनी मनातल्या मनात प्रार्थना केली आणि सांगून टाकलं, "प्रकाशला आन् नातीला भेटायला."

काकांनी पेपरचं पान उलटलं. म्हणाले, "मग येताना ब्लाउजपीस आणू नको. कपाटाचं दार लागंना झालंय."

*

एवढं झालं म्हणजे गाडी रुळावर आली असं आम्हाला वाटलं. कसलं काय! त्या नाताळालाही केक भिंतीवरच राहिला. आणि मग आला तो गुरुवार.

आता कबूल करते. ती चिठ्ठी मी लिहिली होती, आणि विमलसाठी लिहिली होती. "७ दिवस मौन. जेवायलाच तोंड उघडायचं." रोज देवाला विनवत होते की ही विमलच्या हाताला लागू दे. लागली कुणाच्या? भालेराव काकांच्या!

काकांनी सवयीनं मोठ्यानंच वाचली. कान लाल झाले. विमल म्हणाली, "काका, तुमच्यानं व्हायचं नाय हो हे."

"सगळी नोकरी यष्टी चालवली," काका म्हणाले, "एक सिग्नल तोडला नाय." हे त्यांचं शेवटचं वाक्य. चिठ्ठी शर्टाच्या खिशात गेली आणि तोंडाला कुलूप लागलं.

शुक्रवारी सकाळी दूधवाल्याला दम मिळाला नाही. तो इतका घाबरला की शनिवारपासून दूध घट्ट यायला लागलं. पोरांचा चेंडू अंगणात पडला. काकांनी तो न बोलता परत दिला, तर पोरं खेळ टाकून घरी पळाली. सोमवारपर्यंत गल्लीत एकच कुजबुज, भालेरावांची वाचा गेली! आणि कुणीतरी वाळूजला फोन लावला.

मंगळवारी दुपारी प्रकाश आला. फाटकाशी थांबला नाही. चपलेसकट थेट आत! काका खाटेवर बसलेले. "बाबा," तो म्हणाला. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रकाशनं त्यांचे दोन्ही हात धरले. "बाबा, शिव्या द्या. काहीतरी बोला की हो!"

आता काकूंनी सांगायला नको का, की बाळा, तुझा बाप ठणठणीत आहे? पण खरं बोलायचा आठवडा कधीच संपला होता! सहा वर्षांनी पोरगं उंबऱ्याच्या आत उभं होतं. काकूंनी पदर डोळ्याला लावला आणि नुसत्या रडल्या. प्रकाशची खात्रीच पटली, लकवा!

मला बोलावणं आलं. मी धावत गेले, नाडी बघितली, हातपाय हलवून बघितले. सगळं ठीक. मी म्हणणारच होते, "अरे, काही झालेलं नाही," तर काकांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी जीभ टाळूला चिकटली. साक्षीपर्यंत बाहेर सांगायचं नाही. नियम म्हणजे नियम. मीही गप्प.

रिक्षातून आम्ही चौघं दवाखान्यात. काका स्वतःच्या पायांनी चालू शकत होते, तरी प्रकाशनं त्यांच्या कमरेला हात घातलेला, आणि काकांनी तो काढला नाही. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढं केला. "पेशंटचे तुम्ही कोण?"

प्रकाश अडखळला. मान खाली घालून म्हणाला, "मी... ओळखीचा. गल्लीतलाच."

मला एवढं गलबलून आलं म्हणून सांगू! ती मुलगी तसंच लिहून मोकळी झाली. काकांनी हात पुढं केला, तिच्यासमोरचा फॉर्म ओढला, पेन घेतलं. "ओळखीचा" खोडलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "मुलगा." आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

डॉक्टरांनी जीभ बघितली, घसा बघितला, बीपी घेतलं. "यांना काहीही झालेलं नाही," म्हणाले.

"मग बोलत का नाय?" प्रकाश रडकुंडीला आला. आता मात्र काकांनी खिशात हात घातला आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. नियम मोडला म्हणा, पण त्या वेळी मावशींनीसुद्धा मोडला असता. प्रकाशनं ती दोनदा वाचली. मग माझ्याकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून पोट धरून हसत सुटला. हसता हसता डोळे पुसत होता.

"किती दिवस राहिले?" त्यानं विचारलं.

काकांनी दोन बोटं दाखवली.

"मग दोन दिवस राहतो मी घरी," प्रकाश म्हणाला. "बायको आन् पोरीलाही बोलावतो. गुरुवारी तुमचं तोंड उघडायच्या आत निघतो!"

आणि खरंच राहिला. दोन दिवस त्या घरात नातीचं बोलणं आणि आजोबांचं मुंडी हलवणं, एवढंच चालू होतं.

गुरुवारी संध्याकाळी घरसभेला सगळे हजर. मावशींच्या दारात प्रकाश बॅग घेऊन उभा, बायकोच्या हाताला पोरगी. गाणी झाली, वचन झालं. पाळकसाहेबांनी दीड मिनिटात प्रार्थना संपवली.

"भालेराव," शांतामावशी म्हणाल्या, "झाले तुमचे सात दिवस. उठा, बोला आता. साक्ष द्या."

काका उठले. काकूंनी डोळे गच्च मिटून घेतले. दारात प्रकाशनं बॅग उचलली.

काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. माझ्याकडं हात करून पेन मागितलं. चिठ्ठी टेबलावर ठेवून त्या ७ च्या पुढं एक ठसठशीत शून्य काढलं, शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली, चिठ्ठी परत खिशात ठेवली आणि खाली बसले.