गाडी वाळेपर्यंत

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळे मानतात. ज्याचा वास गेला, त्याचा त्रास गेला. मी गाड्यांना स्प्रेनं रंग मारतो. उद्यमनगरात पत्र्याचं वर्कशॉप आहे, पुढं थोडं अंगण, त्यात एक चिंच. आधी वडील मारायचे, ते थकल्यावर मी मारायला लागलो. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. रंग मारून झाला की गाडी उन्हात ढकलायची, म्हणजे रंगात मिसळलेलं थिनर उडून जातं आणि वास मरतो. "ऊन सगळं खातंय," आबा म्हणायचे. मी लहानपणापासून हेच ऐकलं, आणि खरं सांगतो, त्यावर कधी शंका घ्यावी असं मला वाटलंच नाही.

चाळीस वर्षं थिनर हुंगून आबांची छाती खराब झाली. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, यांना धुरापासून लांब ठेवा. झालं, एवढं माझ्या कानावर पडायचा अवकाश! मला राग लवकर येतो आणि अंगात आलं की मी कुणाचं ऐकत नाही, हे शिवाजी पेठेत कुणालाही विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चपला घालून रंकाळा तळ्यावर फिरायला निघाले होते, तर मी दारात आडवा.

"कुठं निघालासा? बघा की बाहेर. बंब पेटल्यात, कोपऱ्यावर कचरा जाळालेत."

"आरं, मी रंकाळ्याला चाललोय. कुणाच्या बंबावर न्हाय."

"गप बसा घरात! डॉक्टरपेक्षा तुम्ही शाणं झालासा व्हय?"

आबा चपला काढून आत जाऊन बसले. त्यांची सकाळची फेरी त्या दिवशी बंद झाली. मी मात्र खूश होतो. सकाळी धूर डोळ्यांना दिसायचा, दुपारी आभाळ निळंशार असायचं. म्हणजे दुपारची हवा चांगली, इतका सोपा हिशेब. एक वाजता मी जेवायला घरी यायचो आणि जाताना आबांना स्कूटरवर मागं बसवून वर्कशॉपला न्यायचो. चिंचेखाली त्यांची खुर्ची टाकायचो. सावली होती, मोकळं होतं. आणखी काय पाहिजे?

सकाळी रंगवलेली गाडी समोर वाळत असायची. आबांचा जुना नियम होता, गाडीला चार वाजेपर्यंत बोट लावायचं नाही. त्यामुळं मलाही काम नसायचं. मी रंगाचा रिकामा डबा उपडा घालून त्यांच्याशेजारी बसायचो. बोलणं फारसं नव्हतं. ते बसल्या जागेवरून गाडीच्या दरवाज्याकडं बघून म्हणायचे, "खाली रंगाचा ओघळ आलाय बघ." मी म्हणायचो, "न्हाय आलेला." आलेला असायचा.

उन्हाळे वाढत चालले होते ते मला रंगावरून कळायचं. मी शिकत होतो तेव्हा एप्रिलातसुद्धा गाडी कशीबशी चारपर्यंत वाळायची. आता तासाभरात कोरडी ठाक. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आबा, वाळली की. घेऊ काय पॉलिशला?" ते एकदम उखडले. "चार म्हंजे चार! रंगाला फुगा आला तर गिऱ्हाईक तुला बडवंल, मला न्हाय." मी पुन्हा डब्यावर बसलो. म्हाताऱ्याच्या तोंडी कोण लागणार?

त्या एप्रिलात वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. आबा खुर्चीत पुढं वाकून बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. एका दुपारी म्हणाले, "दुपारचं छाती आवळल्यागत हुतंय रं." मी म्हणालो, "उकडतंय म्हणून. हवा चांगलीच हाय." आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात कोंबली. ते पाणी प्यायले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

महिना संपता संपता त्यांना वर्कशॉपमधूनच दवाखान्यात हलवावं लागलं. ओठ निळे पडले होते. तिथल्या छातीच्या डॉक्टर मॅडमनी मला विचारलं, "हे दुपारी कुठं असतात?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "बाहेर, मोकळ्या हवेत. सकाळचा धूर अजिबात लागू देत न्हाय मी."

त्या लिहायच्या थांबल्या. मग मला समोर बसवून त्यांनी समजावलं. गाड्यांचा धूर आणि आमच्या थिनरची वाफ, वास गेला तरी हवेतच असते. कडक उन्हात त्यातून ओझोन तयार होतो. ऊन जितकं तापेल आणि वारा जितका पडेल, तितका तो साठतो, आणि सगळ्यात जास्त असतो तो दुपारी.

"पण ओझोन चांगला असतोय की," मी म्हणालो. "शाळेत शिकवलंय."

"वर आभाळात चांगला. खाली नाकाशी आला की छाती आतून सोलून काढतो. आणि दिसत नाही."

"मग सकाळी फिरायला सोडलं असतं तर?"

"सकाळी तो कमी असतो. जळत्या कचऱ्यापासून लांब, तळ्याकडं नेलं असतं तर चाललं असतं." माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, मुळात छाती थिनरनं गेलेली आहे, दुपारचा वाटा किती ते कुणालाच सांगता यायचं नाही. त्या चांगल्या होत्या.

मी आत जाऊन आबांना सगळं सांगितलं. म्हटलं, मीच खुळ्यागत तुम्हाला उन्हाच्या विषात नेऊन बसवलं. छाती आवळतीया म्हणाला होतासा, तरी नेलं. तुम्ही न्हाय का म्हणाला न्हाईसा? त्यांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"तासात वाळती गाडी," ते म्हणाले. "मला कळत न्हाय व्हय? चारपत्तूर तू बसायचास."

नर्स ओरडली, तेव्हा मी मास्क पुन्हा लावला. दोघं घरातच खिडकी लावून बसलो असतो तरी चाललं असतं की. हे मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

दहाव्याला घाटावर बहीण रडत होती आणि मी एका टेम्पोच्या मागच्या फाळक्याला रंगाचे किती हात लागतील याचा विचार करत होतो. अजूनही तसंच आहे. जेवतो, झोपतो, स्प्रेची गन धुतो. राग येत नाही, म्हणून बायको घाबरली आहे. मला काही वाटत नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नाही.

परवा एक गिऱ्हाईक दोन वाजता आलं. गाडीवर बोट फिरवून म्हणालं, "वाळली की पावणं, द्या पॉलिश मारून." मी त्याला चारनंतर यायला सांगितलं. ते कावलं, बडबडलं, निघून गेलं. मी चिंचेखालची आबांची खुर्ची आत घेतली, दार लावून घेतलं, तिच्याशेजारी डबा उपडा घातला आणि चार वाजेपर्यंत बसून राहिलो.