तिच्या उठण्याचं माप

बायकोला जाऊन सहा महिने झाले. लोक म्हणतात, विसरा. मी तिला विसरणार नाही, आणि त्या डॉक्टरालाही नाही.

मी धार संस्थानच्या पागेत घोडे सांभाळायचो. शिक्षण चार बुकं. लग्नाला पाचेक वर्षं झाली आणि बायको उठताना पडायला लागली. माझी आई आत आली की सुनेनं झटकन उभं राहायचं, ही आमच्या घरची रीत. ही उभी राहायची आणि धाडकन खाली. एकदा तर चुलीत जाता जाता वाचली. आई म्हणाली, ढोंग. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा. मी तिला सरळ माहेरी, देवासला नेलं. तिथल्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टराकडे रक्ताचा जोर मोजायचं विलायती यंत्र होतं.

त्यानं तिला निजायला सांगितलं. तो जवळ आला की ही उठून बसे, पदर सावरी. तीनदा झालं.

"वहिनी, मी तुमच्या धाकट्या भावाएवढा. मला कसला मान देता?"

"परक्यासमोर पाय पसरून निजू होय?"

"मग आधी ह्यांनाच निजवतो."

मला निजवून माझ्या दंडाला रबरी पिशवी बांधून फुगवली, नाडीवर बोट ठेवून नळीतला पारा पाहिला. मग मला उभं करून पुन्हा मोजलं. पारा होता तिथंच.

"उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं. पण शरीर आतल्या रक्ताच्या नळ्या आवळून ते सावरतं. ह्यांना पत्ताही लागत नाही."

"ह्यांना कशाचाच लागत नाही," असं म्हणून ती हसली आणि निजली.

तिला उभं केलं तर पारा दोन बोटं घसरला. मी धरली म्हणून पडली नाही. थोड्या वेळानं पुन्हा मोजलं, तर पारा आपणहून वर चढलेला.

"शरीर काम करतंय, पण उशिरा. त्याला वेळ द्या," डॉक्टर म्हणाला. मग तिला आधी बसवलं, पावलं हलवायला लावली, नंतर उभं केलं. पारा जेमतेम हलला. जन्मभर घोड्यांच्या नाड्या पाहिल्या, पण जिवंत कातड्याआडचं काम असं कुणी डोळ्यांना दाखवलं नव्हतं.

धारला परतलो. आई स्वयंपाकघरात आली तशी ही उठू लागली. मी ओरडलो, "बस खाली! पाय हलव आधी."

"सासू उभी नि सून बसलेली?" आई म्हणाली.

"मग तूही बस. ढोंग नाही ते. मी पाऱ्यात पाहिलंय."

आई पाट ओढून बसली आणि सुनेला म्हणाली, "दे ती मेथी इकडे, निवडते."

त्यानंतर बायको कधी पडली नाही. गेली ती तापानं. शेवटच्या आजारातही खाटेच्या काठावर पावलं हलवत मला म्हणायची, "थांबा हो, घाई कसली?" मी थांबायचो.